एका वहाळाच्या वाड्या

पावसाळा सरला की रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव कच्चे बंधारे घातले जातात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, दगड आणि श्रमदानाला उतरलेली माणसे एवढ्यावर काम होते. वाहते पाणी वेळेत अडवले तर विहिरींची पातळी टिकते, गुरांची सोय होते, कपड्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन बायकांना लांब जावे लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात, कारण जांभ्याच्या सड्यावरून उतरलेले पाणी थेट खाडी गाठते. ते धरून ठेवणे एका घराचे काम नाही. एकाच वहाळावर वर कुणबीवाडी असते, खाली बौद्धवाडी, पुढे खाडीकडेला भंडारवाडा किंवा मोहल्ला. पाण्याचा उतार सगळ्यांना जोडतो. तरी श्रमदानाच्या दिवशी कुठल्या वाडीतून किती माणसे आली, कोणाला निरोप गेला आणि कोणाला गेलाच नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते.

समाजगटांमधल्या पूर्वग्रहांचा सहकार्यावर काय परिणाम होतो, या प्रश्नावर गेल्या सत्तर वर्षांत जगभर संशोधन झाले आहे. प्रश्न सहसा असा मांडला जातो: पूर्वग्रह असेल तिथे विश्वास कमी आणि विश्वास कमी तिथे सहकार्य कमी. कोकणातल्या गावाकडे पाहताना मला ही मांडणी अपुरी वाटते. इथे सहकार्याचा दुष्काळ कधीच नव्हता. शिमग्याची पालखी काढायची तर अख्खे गाव लागते. ढोल कोणी वाजवायचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीचे झाड कोणी तोडायचे, पालखी कोणाच्या घरी थांबायची, हे सारे ठरलेले. लावणी, भाजावळ, घराचे शाकारणे, मयत उचलणे, कशालाच एकटे घर पुरत नाही. पूर्वग्रहाने ही कामे कधी अडवली नाहीत. प्रत्येकाची जागा मात्र पक्की केली. मेलेले ढोर ओढण्यासाठी महारवाड्याला हाक जाई, आणि त्याच महारवाड्याला गावच्या विहिरीवर घागर बुडवता येत नसे. हात हवा होता, हाताचा स्पर्श नको होता.

म्हणून सहकार्य किती, यापेक्षा ते कोणत्या अटींवर, हे विचारायला हवे. सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रान्स्वा आणि अशोक कोतवाल या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांचा अभ्यास करून २०१५ साली जे निष्कर्ष मांडले ते इथे आठवतात. ज्या गावांत जमीन एका वरचढ जातीच्या, म्हणजे मराठ्यांच्या, हातात एकवटलेली होती, तिथे लोक परस्परविश्वास आणि सलोखा जास्त असल्याचे सांगत होते. पण गरिबांसाठीच्या सरकारी योजना त्याच गावांत कमी पोहोचत होत्या. अडीअडचणीला धनी धावून येतो, आणि त्या बदल्यात मत आणि मौन त्याच्याकडे जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हे गाव गुण्यागोविंदाने नांदताना दिसेल. गावात भांडण नाही याचा अर्थ सहकार्य चांगले आहे, हा समज सोडून दिल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही.

पाण्यापुरते बोलायचे तर आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण महाडचे. महाड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, रत्नागिरीच्या सीमेलगतचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत करून घेतला. बोले स्वतः भंडारी समाजाचे पुढारी. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. कागदावर सगळे झाले होते. प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी अस्पृश्याने तळ्याला हात लावला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या परिषदेला महाडात जमलेले हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तेवढ्यावर काठ्या निघाल्या. मार खाल्लेल्यांपैकी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

या प्रसंगात पूर्वग्रह कसा काम करतो याचे बारकावे दिसतात. ठरावाच्या बाजूची माणसेही होती, टिपणीस होते, अनंत विनायक चित्रे होते, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. विरोध करणारा प्रत्येक माणूस मनाने कडवा होता असेही नाही. पण एका अफवेने शांत बसलेल्यांना बाजू घ्यायला लावले. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरवायची तेव्हा महाडात कोणी हिंदू जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जागेवर भरली. तळे खाजगी आहे असा दावा कोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकालात काढला. एक ओंजळ पाण्याला दहा वर्षे.

पाण्यातला हा अडथळा पैशातही मोजता येतो. सिवान अँडरसन यांनीच २०११ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या भूजलाच्या खरेदी-विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्याच्याकडे कूपनलिका नाही तो शेजाऱ्याकडून पाणी विकत घेतो. जमीन वरच्या जातींच्या हाती असलेल्या गावांत खालच्या जातींच्या शेतकऱ्यांना हे पाणी नीट मिळत नाही. जिथे जमीनदार त्यांच्याच स्तरातले आहेत तिथे त्यांचे पीक आणि उत्पन्न स्पष्टपणे जास्त आहे. विकणाऱ्याला पैसे हवेत, घेणाऱ्याला पाणी हवे, आणि व्यवहार तरी होत नाही. दोघांचाही तोटा होतो. पूर्वग्रह पाळणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते, हे अर्थशास्त्राने पुराव्यानिशी दाखवून दिले आहे.

मानसशास्त्रातला गाजलेला प्रयोगही योगायोगाने पाण्याभोवतीच फिरतो. १९५४ साली मुझफर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात बावीस मुलांचे उन्हाळी शिबिर भरवले, त्यांचे दोन गट केले, चढाओढ लावली. काही दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणे, खोल्यांवर छापे सुरू झाले. नुसते एकत्र जेवायला बसवून काही फरक पडेना. जेवणाच्या टेबलावर मारामारी झाली. मग शिबिराचे पाणी बंद पाडण्यात आले आणि टाकीतला बिघाड शोधायला दोन्ही गटांना एकत्र जावे लागले. अशी आणखी एक-दोन सामायिक संकटे आल्यावर वैर ओसरले. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावरच्या ग्रंथात चार अटी सांगितल्या: संपर्कात दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, त्यासाठी परस्परांची गरज लागायला हवी आणि वरून, म्हणजे कायद्याकडून, संस्थेकडून, पाठबळ हवे.

शेरीफ यांचा आदल्या वर्षीचा फसलेला प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. त्या शिबिरात मुलांना आधी एकमेकांत मिसळू दिले होते, दोस्ती झाली होती. नंतर गट पाडूनही मुले एकमेकांवर उलटेनात. शेरीफ यांनी तो प्रयोग गुंडाळला, पण आपल्याला त्यात शिकण्यासारखे आहे: वाटणी होण्याआधी जडलेली ओळख वाटणीला टिकू देत नाही. आता हे सारे कोकणाला लावताना थबकावे लागते. ती बावीस मुले एकाच वंशाची, एकाच धर्माची, सारख्याच घरांतली होती. त्यांचे वैर तीन आठवड्यांचे होते. चवदार तळ्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची गरज सारखीच होती, आणि गरजेने कोणाला एकत्र आणले नाही. एका बाजूला पाणी नाकारण्याचा अधिकार आहे तोवर टंचाईला सामायिक संकट म्हणता येत नाही. ऑलपोर्ट यांच्या चार अटींपैकी पहिली अट बाकी तिन्हींच्या आधी येते, असे मला इथल्या इतिहासावरून वाटते.

गिरणगावाकडे पाहिले की हे आणखी उमगते. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरीच्या माणसांचा मोठा भरणा होता. मुंबईत नोकरीला गेलेल्या या माणसांना कोकणात ‘चाकरमानी’ म्हणतात. एकाच चाळीत, एकाच पाळीत माणसे होती, मालक एक होता, भोंगा एक होता. तरी विणाई खात्यात, जिथे मजुरी बरी होती, तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण असे की धाग्याची कांडी संपली की धोट्याच्या भोकातून नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण कामगारांना ते उष्टे चालत नसे. मालकांना ही विभागणी सोयीची होती. १९२८ च्या मोठ्या संपात दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा विषय ठेवला आणि विणाई खाते खुले करण्याचा आग्रह धरला. कामगारांची एकजूट म्हणून जे उभे होते तिच्या आतच ही भिंत होती. पुढच्या वर्षी कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी पुन्हा संप पुकारला तेव्हा आंबेडकरांनी त्याला विरोध केला. त्यांना फूट पाडणारे ठरवणे सोपे आहे. पण ज्या एकजुटीचा लाभ विणाई खात्याच्या दारापर्यंतच येतो तिच्यासाठी उपाशी का राहावे, या प्रश्नाला संपाच्या बाजूने पुरेसे उत्तर दिले गेले नव्हते.

एकजूट होऊ शकत होती, हे त्याच दशकाने दाखवले, आणि तेही रत्नागिरीतच. खोती हे इथल्या शेतीचे जुने दुखणे. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. सारा वसूल करायचा, वर अर्धेल घ्यायचे, वेठीला माणसे राबवायची. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. कुळे कुणबी होती, महार होती, मुसलमानही होती. १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. कुणबी आणि महार शेतकरी एका मांडवात बसले. शेजारच्या कुलाब्यात नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली चरी गावाच्या परिसरातल्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी ओसाड ठेवून संप चालवला; त्यात आगरी शेतकरी पुढे होते आणि आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्यांच्या पाठीशी होता. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षातर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून अनंत चित्रे आणि शामराव परुळेकर सर्वसाधारण जागांवर निवडून आले. ही मते एका जातीची असणे शक्य नव्हते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, आणि त्यात नऊ वर्षांपूर्वी विरुद्ध बाजूंना असलेले आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी बरोबर होते.

या आघाडीत ऑलपोर्ट यांच्या अटी जवळजवळ पुऱ्या झालेल्या दिसतात, आणि त्या झाल्या तेव्हा पूर्वग्रहाची पकड ढिली झाली. पण ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, सामायिक शत्रू उरला नाही. मग १९५६ चे धर्मांतर झाले. बौद्ध झालेल्या महारांनी गावकीची जुनी कामे सोडली: ढोर ओढणे, वाजंत्री, सांगावे पोहोचवणे. १९५८ च्या कायद्याने महार वतनेही रद्द झाली. महाराष्ट्रभर अनेक गावांत यावरून तेढ वाढली, किराणा बंद, मजुरी बंद असे प्रकार झाले. गावाच्या तोंडी तक्रार एकच: ‘ही माणसे आता गावाला सहकार्य करत नाहीत.’ हे वाक्य नीट ऐकायला हवे. पूर्वग्रहावर बेतलेले सहकार्य नाकारणे, हे बरोबरीच्या सहकार्याकडचे पहिले पाऊल असू शकते, आणि त्या पावलाला गाव फुटीरपणा म्हणते. सहकार्याचे प्रमाण मोजणाऱ्या पाहणीत असे गाव घसरलेले दिसेल. माणसे मात्र ताठ उभी राहिलेली असतील.

आता थोडे वाळीत टाकण्याविषयी, कारण त्याशिवाय हा आढावा अर्धा राहील. पूर्वग्रह म्हणजे दुसऱ्या गटाविषयीचा द्वेष असे आपण समजतो. बऱ्याचदा तो आपल्याच गटाच्या भीतीने टिकतो. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी गावासाठी मुरुड फंड सुरू केला होता, सर्वांनी थोडे थोडे देऊन गावाची कामे करण्याचा. सहकार्याचा याहून चांगला नमुना तो काय असेल! त्याच कर्व्यांनी मार्च १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केले आणि गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरच्यांवरही. आई, भाऊ यांची माया आटली नव्हती, पण बहिष्काराची तलवार त्यांच्याही डोक्यावर होती. बहिष्कार हे स्वतःच मोठे सहकार्य असते. सगळ्यांनी मिळून एका घराचा विस्तव-पाणी तोडायचा, आणि जो तोडणार नाही त्यालाही तोडायचे.

कार्ला हॉफ, मयुरेश क्षेत्रमाडे आणि अर्न्स्ट फेर यांनी उत्तर प्रदेशात केलेल्या प्रयोगात असे आढळले की आपल्या जातभाईला फसवणाऱ्याला स्वतःच्या खिशातून पैसे घालून शिक्षा करण्याची तयारी वरच्या जातींच्या पुरुषांत जास्त होती, खालच्या जातींत कमी. नियम मोडणाऱ्याला शिक्षा करता येणे ही ताकद आहे, आणि शतकानुशतके दबलेल्यांकडून तीच काढून घेतली गेली आहे. वरचढ गटाकडे ती भरपूर उरते आणि कधी स्वकीयांवरच चालते. कोकणात, विशेषतः रायगड आणि रत्नागिरीत, गावकीने वाळीत टाकल्याच्या तक्रारी अलीकडच्या काळापर्यंत येत राहिल्या. कारणे पाहिली तर मन विषण्ण होते: आंतरजातीय लग्न, निवडणुकीत वेगळ्या माणसाचा प्रचार, गावकीचा दंड न भरणे, मंदिराचा हिशेब मागणे. महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. देशातला अशा स्वरूपाचा हा पहिला कायदा मानला जातो. त्यामागे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जातपंचायतींविरुद्धची मोहीम होती.

रत्नागिरी शहरात जातभेदावर मुद्दाम घाव घालण्याचा प्रयत्न झाला तो विनायक दामोदर सावरकरांच्या स्थानबद्धतेच्या काळात, १९२४ ते १९३७. शाळांत सर्व जातींची मुले सरमिसळ बसवणे, सहभोजने, आणि १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने उभे राहिलेले, सर्व हिंदूंना खुले असे पतितपावन मंदिर. मुले सरमिसळ बसवण्याचे काम मला यांत सर्वांत मोलाचे वाटते. शेरीफ यांच्या फसलेल्या शिबिराचे शहाणपण त्यात आहे. मात्र या सर्वाचे घोषित उद्दिष्ट हिंदू संघटन होते, आणि आतल्या भिंती पाडताना बाहेरची भिंत, मुसलमान शेजाऱ्याकडची, उंच होत गेली. ‘आपण’ची व्याख्या रुंद केल्याने आतले सहकार्य वाढते, हे संशोधनही सांगते. ती व्याख्या कोणाच्या विरोधात रुंद केली, हेही तितक्याच स्पष्टपणे विचारले पाहिजे.

त्या भिंतीत दारे आहेत. रत्नागिरीजवळच्या हातीस गावात पीर बाबरशेख यांचा उरूस हिंदू गावकरी पुढाकार घेऊन करतात. अशा प्रथा मनाला सुखावतात आणि त्या जपल्याच पाहिजेत. पण आशुतोष वार्ष्णेय यांनी सहा शहरांचा अभ्यास करून २००२ मध्ये मांडलेला मुद्दा विसरू नये: दंग्याच्या दिवसांत शहराला वाचवते ते व्यापारी मंडळे, कामगार संघटना, पक्षशाखा अशा संस्थांमधले दोन्ही धर्मांचे रोजचे एकत्र काम. सणाला दिलेली भेट आणि गल्लीतला नमस्कार अफवेपुढे टिकत नाहीत. मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटवाला, बर्फवाला, मासळी घेणारा व्यापारी आणि टोपलीवाली यांचे पोट एकमेकांवर आहे. शांततेची खरी ठेव अशा ठिकाणी असते.

क्रिकेटकडेही वळू, कारण कोकणात हिवाळा सरता सरता मैदाने टेनिस चेंडूच्या स्पर्धांनी भरतात आणि त्यांतल्या कितीतरी समाजवार असतात. मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटचे सामने भरवले. काहींना मिश्र जातींच्या संघात, काहींना एकाच जातीच्या संघात चिठ्ठ्या टाकून घातले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: एकाच संघात खेळल्याने दुसऱ्या जातीतले मित्र वाढले, समोरासमोर खेळल्याने कमी झाले. संपर्क दोन्हीकडे होता, दिशा उलट. आपल्या समाजवार स्पर्धांबद्दल याहून जास्त काय सांगायचे? मात्र एका संघात असणे पुरेसे नाही, हे आपल्याला पळवणकर बाळूंमुळे शंभर वर्षांपूर्वीच कळले आहे. चर्मकार समाजातला हा असामान्य गोलंदाज हिंदू संघाला हवा होता, १९०६ मध्ये युरोपियन संघावरच्या विजयात तो होता. पण चहाच्या वेळी त्याचा कप वेगळा असे. त्यांचे बंधू विठ्ठल यांना कर्णधारपद मिळायला १९२३ साल उजाडले.

संपर्काच्या परिणामांविषयी एकूण पुरावा आशादायक आहे. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासून संपर्काने पूर्वग्रह बहुतेक ठिकाणी कमी होतो असे दाखवले. पुढे काटेकोर प्रयोगच निवडून पाहिले गेले तेव्हा वांशिक पूर्वग्रहांच्या बाबतीत हा परिणाम बराच लहान निघाला. इराकमध्ये सलमा मूसा यांनी ख्रिस्ती आणि मुसलमान खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ केले. संघातल्या सोबत्यांशी वागणे सुधारले, मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांविषयीची भावना फारशी बदलली नाही. ‘तो आपला आहे, बाकीचे तसेच’, हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकले आहे.

गावाचे सहकार्य आज मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांतूनही चालते. सभामंडप, पाखाडी, रुग्णवाहिका यांच्यासाठी चाकरमानी खिशात हात घालतात. पण मंडळे बहुधा वाडीवार आणि समाजवार. एकाच गावाची दोन-तीन मंडळे मुंबईत असतात आणि एकमेकांच्या सभेला जात नाहीत. दरम्यान गावात नवी माणसे आली आहेत. आंब्याच्या बागांत राखणदार म्हणून आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणूस राबतो. हंगाम त्याच्या जिवावर उभा असतो आणि गावातल्या कुठल्याही सभेत त्याचे नाव निघत नाही. हात हवा असण्याचा तो जुना प्रकार नव्या माणसावर चालू आहे.

नळपाणी योजनेची समिती नेमताना बौद्धवाडीतला एक सदस्य, एक महिला असे रकाने आता भरले जातात. त्या सदस्याला सभेची वेळ कळवली जाते का, टाकी कुठे बसवायची हे ठरताना तो तिथे असतो का, आणि पहिले पाणी कुठल्या वाडीला सुटते, हे इतिवृत्तात सापडत नाही. त्यासाठी एप्रिल महिन्यात, पहाटे पाणी सोडण्याच्या वेळी, व्हॉल्व्हपाशी जाऊन उभे राहावे लागते.